म्हातारं होणाऱ्या शहराची तयारी

इंदुरात लोकमान्य नगर, सुदामा नगर, रामबाग अशा कुठल्याही मराठी वस्तीत संध्याकाळी चक्कर मारा. फाटकाशी, ओट्यावर, देवळाच्या पायरीवर बसलेली मंडळी बहुतेक सत्तरीच्या पुढची दिसतील. मुलं कुठे असतात विचारलं की पुणे, बंगळूर, हैदराबाद, न्यू जर्सी. होळकरांच्या चाकरीत इकडे आलेली, मग राज्य सरकार, बँका, वीज मंडळ अशा नोकऱ्यांत स्थिरावलेली ही घरं. पुढच्या पिढीनं नोकरीपायी गाव सोडलं, आईवडील इथेच राहिले. देशात पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत जे व्हायचंय, ते आमच्या गल्ल्यांमध्ये होऊनही गेलंय. म्हणून हा विषय इथूनच समजावून सांगावासा वाटतो.

समाज म्हातारा होतो म्हणजे नेमकं काय होतं? 'लोक जास्त जगायला लागले' हे उत्तर खरं आहे, पण अपुरं. मोठं कारण पाळण्याकडे आहे. घरोघरी पाच-सहा मुलं होत होती तेव्हा म्हातारी माणसं कितीही जगली तरी एकूण माणसांत त्यांचा वाटा लहानच राहायचा. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात दर बाईमागे सरासरी ३.४ मुलं होती, २०१९-२१ मध्ये २.०. लोकसंख्या आहे तिथे टिकायची तर हा आकडा २.१ च्या आसपास लागतो. म्हणजे खालून भर कमी पडतेय आणि साठ-सत्तरच्या दशकात जन्मलेली भलीमोठी पिढी वर सरकतेय. ती पिढी म्हणजे आम्हीच.

२०११ च्या जनगणनेत साठीपुढचे लोक १० कोटींच्या थोडे वर होते, शंभरातले आठ-नऊ. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची लोकसंख्या अभ्यास संस्था यांच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे २०५० पर्यंत ते ३४.७ कोटींवर जातील, म्हणजे दर पाचांत एक. त्यातही सगळ्यात वेगानं वाढणार आहेत ते ऐंशीपुढचे. साठीचा माणूस स्कूटर चालवतो, नातवाला शाळेत सोडतो. ऐंशीच्या पुढे अंघोळीला, जिना उतरायला, गोळ्या आठवायला कुणीतरी लागतं. 'ज्येष्ठ नागरिक' म्हणून आपण दोघांना एकाच रांगेत उभं करतो आणि तिथेच नियोजन चुकतं.

आयुर्मानाबद्दल एक गैरसमज इथेच दूर करते. स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुर्मान ३२ च्या आसपास होतं, याचा अर्थ लोक बत्तिशीत म्हातारे होऊन जात असा नाही. तान्ही मुलं आणि बाळंतिणी फार दगावत, त्यानं सरासरी खाली यायची. आज साठी गाठलेल्या माणसापुढे सरासरी आणखी १८ वर्षं असतात. बायकांपुढे त्याहून थोडी जास्त. त्यात आपल्याकडे नवरा वयानं चार-सहा वर्षांनी मोठा. शेवटची कितीतरी वर्षं बाई एकटी काढते ती या सरळ हिशोबामुळे.

आता वेग पाहू. पासष्टीपुढच्यांचा वाटा शंभरात ७ वरून १४ व्हायला फ्रान्सला ११५ वर्षं लागली. जपानला साधारण २५. आपली चाल जपानच्या जवळची आहे. फ्रान्सला पेन्शन, दवाखाने, रस्ते, सगळं हळूहळू उभं करायला शतक मिळालं. जपानला वेळ मिळाला नाही, पण तोवर त्याच्याकडे पैसा आलेला होता. आपल्याकडे दोन्ही बेताचंच. त्यामुळे जे करायचं ते आत्ताच आणि कमी खर्चात बसेल असंच करावं लागेल.

पैशाची गोष्ट इंदुरात कुणाला नव्यानं सांगायला नको. इथली हुकुमचंद मिल ही कापडगिरणी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कामगारांची थकलेली देणी, ४,८०० जणांची मिळून सुमारे २२४ कोटी रुपये, मार्गी लागली ती २०२३ च्या डिसेंबरात. मधे तीस वर्षं गेली. चाळिशीत काम सुटलेला माणूस सत्तरीला टेकला. कितीतरी जणांचे पैसे घ्यायला त्यांच्या बायका किंवा मुलंच उरली होती. ज्याच्या हाताला काम आहे पण मागे पेन्शन नाही, त्याचं म्हातारपण कसं जातं हे या शहरानं जवळून बघितलंय. आणि देशातले बहुतेक कामगार याच प्रकारात मोडतात.

गरीब वृद्धांसाठी जी राष्ट्रीय पेन्शन आहे, तीत केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाला महिना २०० रुपये आणि ऐंशीपुढे ५००. राज्यं आपली भर घालतात, तरी बीपी-शुगरच्या गोळ्या आणल्या की हातात फार काही उरत नाही. भविष्य निर्वाह निधीवाल्यांची किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर आहे. महागाई वाढते तशी या रकमा आपोआप वाढत नाहीत. माझ्या मते सगळ्यात आधी दुरुस्त करायची गोष्ट हीच. मतदार म्हणून साठीपुढच्यांची संख्या वाढतेच आहे, मागणी लावून धरायला हरकत काय?

घरच्या पातळीवर एक काम लगेच होण्यासारखं आहे. आपल्याकडे पोळ्यांना, धुण्याभांड्याला येणाऱ्या ताई तिशी-पस्तिशीच्या असतील. अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वयात नाव घालता येतं आणि साठीनंतर महिना १,००० ते ५,००० रुपये मिळतात. पाच हजार ही तेव्हाच्या मानानं मोठी रक्कम नसेल, पण काहीच नसण्यापेक्षा बरी. चाळिशी ओलांडली की दार बंद. बँकेत त्यांच्याबरोबर जाऊन तो फॉर्म भरायला एक सकाळ पुरते.

आता तब्येत. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळालं. चांगली गोष्ट झाली, कार्ड काढलं नसेल तर काढून घ्या. पण ही योजना दवाखान्यात भरती झाल्यावरच्या खर्चाची आहे. म्हातारपणातला बहुतेक त्रास भरती होण्याच्या अलीकडचा असतो: चष्मा, कवळी, ऐकू यायचं मशीन, रोजच्या गोळ्या, तेल लावून अंघोळ घालणारं माणूस. तो भार अजून घरावरच आहे.

आईच्या गोळ्यांची पिशवी हे याचं उत्तम उदाहरण. हृदयाचे डॉक्टर वेगळे, शुगरचे वेगळे, गुडघ्यांचे वेगळे. प्रत्येकानं आपापल्या जागी योग्यच लिहून दिलेलं. आईला अंथरुणातून उठलं की चक्कर यायची, ती म्हणायची, "वय झालं, आता असंच चालायचं." एका तरुण डॉक्टरीणबाईंनी अख्खी पिशवी टेबलावर ओतायला लावली. प्रत्येक पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचलं आणि दोन पाकिटं बाजूला काढली. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, आत रक्तदाबाचं औषध एकच. आई ते दुप्पट घेत होती. एक बंद केल्यावर चक्कर पुष्कळ कमी झाली. वर्षातून एकदा घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णांसकट, एकाच डॉक्टरांसमोर मांडा. स्वतःच्या मनानं मात्र एकही बंद करू नका.

दुसरी जागा बाथरूम. जगभरात दरवर्षी साडेसहा लाखांवर माणसं पडून मरतात आणि त्यात म्हाताऱ्यांचा भरणा सगळ्यात मोठा. आमच्या शेजारच्या काकू पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. एकदा त्यांच्या कोपराला खरचटलेलं दिसलं. विचारलं तर म्हणाल्या, "पडले नाही गं, जरा घसरले. आणि हे बघ, मुलाला सांगू नकोस. तो मला इथून उचलून नेईल." घर सुटण्याच्या भीतीनं म्हातारी माणसं पडल्याचं लपवतात. त्यामुळे पहिलं घसरणं कुणाला कळत नाही आणि दुसऱ्या वेळी खुब्याचं हाड मोडतं. तिथून पुढे माणूस अंथरुणाला खिळतो, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात. घसरण्याला इतकं गंभीरपणे घ्यायचं ते यासाठी.

काकूंचं बाथरूम मी नंतर नीट पाहिलं. गुळगुळीत फरशी, आत जाताना दोन इंचांचा उंबरठा, बाहेर दुमडलेलं पायपुसणं, आणि दिव्याचं बटण दाराच्या पलीकडच्या भिंतीवर. म्हणजे रात्री उठल्यावर अंधारात चार पावलं. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांना बोलावून एका दुपारीत कमोडशेजारी स्टीलचा दांडा, खरखरीत मॅट आणि पलंगाजवळ बटण असं करून घेतलं. मुलाला सांगितलं ते 'पडल्या' असं नाही, 'दांडा बसवायचाय' असं. त्यानं लगेच पैसे पाठवले.

पायांत जोर असणं हे दांड्याहूनही महत्त्वाचं. वय वाढतं तसे स्नायू झिजतात आणि त्याच वयात आपली म्हातारी माणसं जेवण कमी करतात, रात्री दूध-पोळी नाहीतर नुसती पेज. वरण, उसळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं, यांची गरज तेव्हा वाढलेली असते. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, एवढंच. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. कुणीतरी शेजारी उभं राहून रोज थोडं करून घेतलं तर ऐंशीच्या वयातही स्नायू सुधारतात.

विसरण्याचंही तसंच. देशात झालेल्या मोठ्या पाहणीनुसार साठीपुढच्या शंभरांपैकी सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, एकूण ८८ लाखांच्या घरात. घरचे 'या वयात विसरायचंच' म्हणून सोडून देतात. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानं १४ कारणं सांगितली, जी आवरली तर जगातले जवळजवळ निम्मे रुग्ण टळू शकतात किंवा त्यांचा आजार लांबवता येतो. त्यात रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा आहे आणि कमी ऐकू येणंही आहे. आजोबांना ऐकू येत नाही म्हणून घरात त्यांच्याशी बोलणं कमी होतं, मग ते गप्पच बसू लागतात. कानाचं मशीन हे मेंदूसाठीही औषध आहे.

आता सगळ्यात अवघड भाग. हे सगळं करायचं कुणी?

आजवर हे काम सुनेनं केलं, लेकीनं केलं, बिनपगारी केलं, आणि त्याला संस्कार म्हटलं गेलं. आज पंच्याऐंशीच्या सासूला उचलणारी सून स्वतः साठीची आहे, तिची पाठ दुखते, तिचे गुडघे गेलेत. लेकीला नोकरी आहे. मुलगा सातासमुद्रापार. यात कुणाचे संस्कार कमी पडलेले नाहीत, माणसंच कमी पडतायत. वृद्धाश्रम हा शब्द उच्चारला की आपण मान खाली घालतो, आणि त्या संकोचात मधले सगळे पर्याय बोलायचेच राहून जातात.

मग घरी सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोला फोन होतो. धार, खरगोन, बडवानीकडची एखादी मुलगी येते, बारा तासांची ड्यूटी करते. तिला बहुधा कुणी शिकवलेलं नसतं. खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. बसतं करून भरवायचं, आडवं ठेवून नाही. उचलताना आपली कंबर कशी सांभाळायची. हे थोड्या दिवसांच्या वर्गात शिकवता येतं आणि इंदुरासारख्या गावात शेकडो मुलींना रोजगार होऊ शकतो. पण अट एकच: पगार ठरलेला, आठवड्याची सुट्टी ठरलेली आणि रात्री झोपायला जागा. जी मुलगी स्वतः थकून गेलीय ती दुसऱ्याचं म्हातारपण हळुवारपणे कसं सांभाळेल?

जपाननं २००० साली याच कामाचा विमा काढला. चाळिशीपासून प्रत्येकानं हप्ता भरायचा. मदत लागेल तेव्हा माणूस घरी येऊन तपासतो की याला काय जमतं, काय नाही, आणि त्याप्रमाणे दर्जा ठरतो. हातात रोख रक्कम न देता अंघोळ घालायला माणूस, दिवसा बसायला केंद्र, घरात दांडे अशा सेवा मिळतात. बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्सा भरावा लागतो. एवढा पैसा आपल्याकडे आज नाही. केरळचं उदाहरण जास्त उपयोगी. १९९३ मध्ये कोझिकोडला रुग्णांच्या वेदना कमी करण्याचं आणि शुश्रूषेचं काम सुरू झालं, पुढे त्यात शेजारीपाजारी उतरले. आठवड्यातले दोन-तीन तास देणारे साधे लोक, शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, खिळलेल्या रुग्णाच्या घरी जातात. त्यांच्या मागे प्रशिक्षित नर्स आणि डॉक्टर असतात. २००८ मध्ये राज्यानं त्याचं धोरण केलं आणि आता तिथल्या ग्रामपंचायती, नगरपालिका नर्सला घरोघरी पाठवतात.

कायद्याचं थोडक्यात सांगते. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या सांभाळासाठी केलेल्या २००७ च्या कायद्यानं आईवडील एसडीएमच्या, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या, न्यायाधिकरणात मुलांकडून पोटगी मागू शकतात. अर्ज साधा असतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: घर मुलाच्या नावे दानपत्रानं करून देत असाल तर 'तो आमचा सांभाळ करील' ही अट लेखी घाला. ती अट मोडली तर दानपत्र रद्द होऊ शकतं. मध्य प्रदेशातल्याच एका आईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२५ च्या जानेवारीत दानपत्र रद्द करून तिला घराचा ताबा परत देवविला, आणि तिच्या बाजूनं मुलाचं लेखी वचन होतं. प्रेमानं देतोय, मग लिहायचं कशाला, असं वाटतं खरं. लिहा.

आणि आता आपल्या गावाबद्दल. २०१७ पासून स्वच्छतेत इंदूर सतत पहिलं आलं. ओला-सुका कचरा वेगळा ठेवायची सवय आम्हाला भाषणांनी लागली नाही. रोज ठरल्या वेळी गाडी दारात येऊ लागली, प्रत्येक गल्लीचा मार्ग ठरला, गाडी चुकली तर विचारायला माणूस होता, तेव्हा लागली. म्हाताऱ्यांची काळजीही तशीच दारात यायला हवी. तान्ह्या मुलाची नोंद अंगणवाडीत असते, लसीचं कार्ड असतं, चुकलं तर ताई घरी येते. दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या पंच्याऐंशीच्या आजींची अशी नोंद आमच्या गल्लीत तरी कुणी घेतलेली नाही. वॉर्डात एक यादी: कोण एकटं, कोण खिळलेलं, कुणाला दिसत नाही. मोहल्ल्यातल्या सरकारी संजीवनी क्लिनिकमधून महिन्यातून एकदा नर्सची फेरी. शहराला मार्ग आखता येतात, गाड्या वेळेवर पाठवता येतात, हे सिद्ध झालेलं आहे.

महापालिका करेल तेव्हा करेल. तोवर एक काम वस्तीतल्या साठीच्या लोकांनी ऐंशीच्या लोकांसाठी करता येईल. आमच्या वस्त्यांत निवृत्त बँकवाले, शिक्षिका, नर्स पुष्कळ आहेत. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी म्हातारी माणसं बँकेत रांगेत बसतात आणि मशीन त्यांचा अंगठा ओळखत नाही, कारण वयानं बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात. २०२१ पासून हा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, आणि रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्यायला सांगितलंय. एका निवृत्त माणसानं आपल्या गल्लीतली दहा घरं घ्यावीत. दाखला काढताना बाथरूममध्ये डोकावावं, गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो काढावा, पलंगाजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत शेजाऱ्याचा नंबर आणि ज्येष्ठांच्या सरकारी हेल्पलाइनचा १४५६७ लिहून चिकटवावा. हा नंबर सकाळी ८ ते रात्री ८ चालतो. रात्रीसाठी मात्र शेजारीच लागेल, म्हणून त्याचा नंबर वर लिहावा.